वखारीचं दार ताउवूनं नेलं

३ जून, मंगळवार. वारा आग्नेय, जोराचा.

आणि वर मलाच म्हणतो, "तुला हसायला जमत नाही, ताउवू. तोंड बघ, शिळ्या माशासारखं." दार नेलं माझं! एखादी फळी नाही, बिजागरी नाही, वखारीचं समोरचं अख्खं दार. दोन झडपांचं, पितळी मुठीचं, चार माणसांनी उचलायचं. मी बाजाराला दालोचे कंद आणायला गेले, परत येते तर समोर भगदाड आणि हा त्यात बसून लिंबाच्या पानांचा चहा पितोय. पानं माझी, साखर माझी.

विचारलं, "आपेनिसा, दार कुठाय?"

"खाल्लं," म्हणतो. "भूक लागली होती. तुझ्या हातच्या जेवणापेक्षा बरं लागलं."

मी हसले. काय करणार? या बंदरातले दोन्ही सुतार राजधानीला निघून गेले म्हणून पलीकडच्या बेटावरून हा मागवला. होडीतून उतरला आणि पहिलाच प्रश्न, "बाई, गाव कुठलं?" मी सांगितलं, नाकोरो. तो तिथंच गुडघ्याएवढ्या पाण्यात नाचायला लागला. त्याचं गाव वाईतोआ. त्यांचा मूळपुरुष आणि आमचा मूळपुरुष सख्खे भाऊ होते म्हणे. कुणी पाहिलेत? पण म्हणून आम्ही ताउवू. ताउवूनं शिव्या द्यायच्या, हाताला लागेल ते उचलून न्यायचं आणि समोरच्यानं हसायचं. रागावला तर चूक त्याची.

मीही त्याचं नेऊ शकते. पण नेणार काय? एक करवत, एक रंधा आणि एक फाटकी गवताची टोपी.

इथं तरी लिहिते. बोटीच्या स्वयंपाकघरात एवढी वर्षं काढली, कॅप्टन रोज लिहायचा, वारा कुठला, कोण चढलं, कोण उतरलं. त्याला विचारलं होतं, कशाला? म्हणाला, "तोंडानं बोललेलं समुद्रात जातं." मला धड लिहिता येत नाही. चर्चच्या शाळेत शिकले तेवढंच. पण या माणसाबद्दल तोंडानं बोलायची सोय नाही, म्हणून इथं लिहिते. चोर. चोर. चोर.

४ जून.

पुन्हा विचारलं दाराचं. म्हणाला, "तुमच्या गावचे लोक खेकडे. खेकड्यांना दार कशाला, बीळ पुरतं." हसले. गाल दुखतात.

७ जून, शनिवार. पाऊस.

बोट आज यायची होती, नाही आली. नेहमीचंच. दोन डोंगरांपलीकडून चालत आलेली माणसं पोरंबाळं घेऊन धक्क्यावर ताडपत्रीखाली भिजत बसली. याचसाठी तर मी ही वखार चालवायला घेतली! बोटीवर होते तेव्हा दर खेपेला बघायचे, भिजलेली माणसं चढायची आणि त्यांना पहिलं हवं असायचं काय, तर गरम काहीतरी. तेव्हाच ठरवलं होतं, म्हातारपणी धक्क्यावर एक जागा करीन. कोरडी. बसायला, टेकायला, उकडलेले दालो आणि नारळाच्या दुधातली मासळी खायला.

म्हणून आज मी चूल पेटवली. मोठी किटली चढवली. बाहेर जाऊन ओरडले, "या गं, या रे, आत या, चहा आहे!"

आले. पण कसे? सगळे बाजूच्या खिडकीशी आले. रांगेत उभे राहिले, पावसात. खिडकीतून कप घेतले आणि परत धक्क्यावर जाऊन ताडपत्रीखाली बसून प्यायले. समोर एवढं मोठं भगदाड उघडं आहे, दारसुद्धा नाही अडवायला! आत कोरडी जमीन, बाकं मांडलेली. एकानंही पाऊल टाकलं नाही.

माझी धाकटी बहीण सेरुवाया म्हणते, "ताई, कापडवाल्याचंही हेच झालं, व्हिडिओवाल्याचंही हेच. दोघांनी याच वखारीत धंदा काढला, दोघांकडे कुणी आत आलं नाही. जागाच वाईट."

जागा वाईट नाही. लोक आळशी आहेत. दहा पावलं चालायला नको.

मिस डॉर्सीचा शब्द आहे, जुलैच्या मध्यावर चर्चची मोठी सभा भरते, सगळ्या बेटांवरून माणसं येतात, त्या दिवशी मी येईन. वखारीत माणसं बसून जेवताना दिसली तर पट्टा तुझ्या नावे. रिकामी दिसली तर लाकूडवाला पाडून नेईल. मिस डॉर्सी म्हणजे इथल्या खोबऱ्याच्या कंपनीच्या शेवटच्या साहेबाची मुलगी. म्हातारी झाली, वर टेकडीवर एकटी राहते. वाईट नाही. पण बोलते थोडं आणि ऐकते त्याहून थोडं.

१० जून.

जमीन घासली. इतक्या वर्षांच्या खोबऱ्याचं तेल फळ्यांत मुरलंय, राख टाकून घासलं तरी पाय सटकतो. खोबऱ्यातले ते बारीक किडे अजून आहेत, कशावर जगतात देव जाणे. चावून चावून हात लाल झाले.

मोठा वजनकाटा जमिनीतून उपटावा म्हणते. बाबांचं खोबरं त्याच्यावर चढायचं. आम्ही पोरं बाबांच्या पायांमागं खिडकीबाहेर उभी असायचो. आतून कारकून आकडा ओरडायचा आणि बाबा "हो साहेब" म्हणायचे. काटा त्यांना कधी दिसायचाच नाही, खिडकीतून फक्त कारकुनाची कोपरं दिसायची. नंतर त्याच खिडकीतून मीठ, साबण, रॉकेल बाहेर यायचं.

आपेनिसा ऐकत होता. म्हणाला, "आणि समोरचं दार?"

"ते साहेबांचं," मी म्हटलं. "हा काय प्रश्न झाला?"

मग माझी शिडी घेऊन गेला. हसले.

१४ जून, शनिवार.

आज बोट आली. वेळेवर! त्यामुळे गिऱ्हाईक कमी. पण तोमासी काका आले, बाबांचे धाकटे भाऊ, आता काठी टेकत चालतात. मी बाजारातून परतले तर खिडकीबाहेर उभे. डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरलेली. पाय गवताला पुसले, बाहेरच, जणू आत यायचंय. पण आले नाहीत.

"काका, मी आहे, उनाइसी. टोपी कशाला काढता? आत या ना."

"हो, हो," म्हणाले. उभेच.

"अहो, आत या! बाक आहे, पाय दुखत असतील."

"इथं बरं आहे, बेटी. मीठ आहे का?"

मीठ! मी काय मीठ विकते? डोकं फिरलं माझं. दालोची पिशवी खिडकीतून आत फेकली, स्वतः मागच्या मोरीच्या दारानं आत गेले, खिडकीतून त्यांना चहा दिला. म्हातारी माणसं हट्टी असतात.

आपेनिसा छपरावर होता. काम थांबवून बघत होता. त्यानं शिवी दिली नाही. खाली उतरल्यावर विचारलं, "ताउवू, तू स्वतः समोरून का येत नाहीस?"

"मागचं जवळ पडतं," मी म्हटलं.

जवळ नाही पडत, म्हणाला. आता हा मला माझीच वखार शिकवणार.

१८ जून.

मिस डॉर्सी आली, सोबत लाकूडवाला. तो खांबांवर बोटानं ठोकत फिरला, म्हशीच्या दातांकडे बघावं तसा. मिस डॉर्सी समोरच्या भगदाडातून आली, जिथं दार होतं तिथं थबकली. "दार कुठंय?" मी म्हटलं, दुरुस्तीला. आता काय सांगणार, ताउवूनं खाल्लं?

तिनं रिकाम्या बाकांकडे पाहिलं. "सभेच्या दिवशी बघू," एवढंच म्हणाली.

भीती वाटते. खोटं कशाला लिहू? बोटीवर परत घेणार नाहीत, माझ्या जागी कॅप्टनची भाची लागली. नवरा गेल्यापासून घर भावाचं आहे, तिथली चूल वहिनीची. हे नाही जमलं तर मी त्या चुलीशी बसून वहिनीला विचारणार, मीठ किती टाकू?

२४ जून. वारा पडलेला.

मी चुकले. पण तोही चुकला!

सकाळी करवतीचा आवाज. वाटलं फळ्या कापतोय. येऊन बघते तर बाजूची खिडकी नाही. म्हणजे खिडकी आहे, पण तिच्याखालची भिंत नाही! खिडकीच्या दोन्ही बाजूंनी खाली जमिनीपर्यंत सरळ कापत आणलेली. खिडकीची फळी, जिच्यावर चहाचे कप ठेवते ती, बाहेर गवतात पडलेली. जुनं सागवानासारखं कठीण लाकूड, कोणी कापत नाही असं.

आणि मी हसले नाही. मी ओरडले. "तू सुतार आहेस का उंदीर? भिंत कुणी कापायला सांगितली? सभेला अठरा दिवस आणि तू वखार पाडतोस, मग लाकूडवाल्याची गरज काय! चालता हो. होडीत बस आणि चालता हो." आणखीही बोलले. धक्क्यावरचे सगळे ऐकत होते.

त्यानं करवत गोणपाटात गुंडाळली आणि किनाऱ्यावर जाऊन बसला, पाठ करून.

संध्याकाळी सेरुवाया आली. "ताई, तू ताउवूवर रागावलीस. सगळ्यांसमोर. आपल्या गावात कुणी असं केलेलं मी ऐकलं नाही."

"त्यानं भिंत कापली!"

"त्यानं घर जाळलं असतं तरी तू हसायचंस. रीत आहे ती. उद्या वाईतोआचा माणूस आपल्या गावात पाऊल टाकणार नाही, आणि का विचारलं तर तुझं नाव घेतील."

रीत! रीत करणाऱ्यांना सुतारकामाचं काय ठाऊक?

२५ जून.

गेले शेवटी. सेरुवायाच्या नवऱ्याला पुढं घातलं, त्याला रीतीची भाषा येते. माफी मागताना यांगोनाच्या, कुटून प्यायच्या मुळ्यांची मोळी द्यावी लागते, ती नेली, चांगली जाडजूड. तो मांडी घालून बसला, मी मागं मान खाली घालून. माझी मान खाली, कधी नव्हे ते. सेरुवायाच्या नवऱ्यानं सांगितलं, नाकोरोच्या या बाईची जीभ घसरली, पोटात घ्यावं. आपेनिसानं मोळीला हात लावला, ओंजळीनं टाळी दिली. मग म्हणाला, "घसरली नाही. तिची जीभ अशीच आहे, करवतीसारखी. म्हणून तर भिंत इतकी छान कापली गेली."

सगळे हसले. मीही. या वेळी गाल दुखले नाहीत.

मग म्हणतो, "चुकीबद्दल किटली नेतो." आणि नेली! मोठी किटली. आता चहा पातेल्यात करते.

२८ जून, शनिवार. पाऊस, बोट नाही.

कसं लिहू? काका आत आले.

नेहमीसारखे खिडकीशी यायला निघाले, गवत तुडवत, त्या बाजूला जी पायवाट पडलीय तिच्यावरून. टोपी काढली. आणि खिडकी नव्हतीच ना तिथं, फळी नव्हती थांबवायला. पाय चालतच राहिले. चपला बाहेर काढल्या, आत आले, बाकावर बसले. बसल्यावर इकडं तिकडं पाहिलं, जणू कुणीतरी उठवेल. टोपी हातात होती ती बाकावर ठेवली.

"तो काटा तिथं होता होय," म्हणाले. मग उठून त्याच्याजवळ गेले, पाटावर उभे राहिले, वाकून आकडा बघितला. बराच वेळ बघितला. "अजून खोटं बोलतोय," म्हणाले आणि हसायला लागले. दात नाहीत, पण काय हसले.

त्यांच्यामागून धक्क्यावरची माणसं आली. सगळी त्याच वाटेनं, बाजूनं. बाहेर चपलांचा ढीग. मासळी संपली, दालो संपले, शेवटी नुसता चहा दिला.

आपेनिसा उंबरा बसवत होता. त्याला म्हटलं, "बघ, पाऊस जोराचा होता म्हणून आले."

"हो ताउवू," म्हणाला. "पाऊसच."

काटा उपटायचा नाही असं ठरवलं.

५ जुलै.

दार परत आलं! पण दार म्हणून नाही. किनाऱ्यावर नावेच्या शेडमध्ये होतं इतके दिवस. रंधा मारून मारून गुळगुळीत केलंय, दोन्ही झडपा जोडून खाली पायांसाठी लाकडी घोडे लावलेत. टेबल. वीस माणसं बसतील एवढं. पितळी मूठ मात्र तशीच ठेवलीय, मधोमध, वर आलेली. मी म्हटलं, ही काढ, ताटं कुठं ठेवायची? म्हणाला, "ताटं बाजूनं जातील." खरंच जातात. जो बसतो तो आधी एकदा मूठ फिरवून बघतो. पोरं नाही, चांगली मोठी माणसं.

समोरचं भगदाड त्यानं फळ्यांनी बंद केलं, आतून टेकायला बाक केलं. उन्हाची तिरीप येईल एवढी फट वर ठेवली. मी सांगितलं नव्हतं. काहीच मी सांगितलं नव्हतं, आता लक्षात येतं. शिडी परत आणली, तिला नवीन पायरी आहे. किटलीला नवीन कडी आहे. चोर आहे का कोण आहे?

सेरुवाया म्हणते, "ताई, तू आजकाल त्याच्यासाठी मासळीचं डोकं बाजूला काढून ठेवतेस."

"सुताराला खायला नको?" मी म्हटलं.

१२ जुलै, शनिवार. वारा आग्नेय, ऊन.

पाय सुजलेत, तरी लिहिते.

सभेचे लोक सकाळच्या बोटीनं आले. पांढरे सदरे, कमरेला गुंडाळलेले सुलू इस्त्री केलेले, बायका टोप्या घालून. आधी प्रार्थना, मग पोट. दाराभोवती दाटीवाटीनं बसले, म्हणजे टेबलाभोवती, पण सगळे त्याला दारच म्हणतात. "दारावरची मासळी इकडं सरकव." आपेनिसा पंखा घेऊन माश्या हाकत होता आणि प्रत्येकाला सांगत होता, "नाकोरोच्या बाईनं केलंय, पोटाला सांभाळा."

दुपारी मिस डॉर्सी आली. समोर गेली, सवयीनं. तिथं भिंत. थोडा वेळ भिंतीसमोर छत्री घेऊन उभी राहिली. मग गवतातून बाजूनं आली, उंबऱ्यापाशी थांबली. आत गर्दी. सगळ्यांनी खाणं थांबवलं. ती आत येईना. म्हातारी, उन्हात, बाजूच्या खिडकीच्या जागी उभी, आणि आम्ही सगळे आत बसलेले.

मी म्हटलं, "आत या ना. पाय दुखत असतील."

तिनं बूट काढले. स्वतः वाकून. काकांनी सरकून जागा दिली. तिनं मुठीवर हात ठेवला.

"हे आमचं दार," म्हणाली.

"हो," काका म्हणाले. "जेवा."

जेवली. दोनदा मासळी घेतली. जाताना लाकूडवाल्याला निरोप द्यायला सांगितलं, येऊ नकोस. पट्ट्याचा कागद सोमवारी. बाहेर पडताना ती बाजूनंच गेली, कुणी सांगितलं नाही.

मी मागं मोरीत जाऊन तोंड धुतलं. धूर फार होता.

१४ जुलै, सोमवार.

तो गेला. बोट दोन दिवस उशिरा परतीला निघाली, तिच्यानं.

कामाचं ठरलेलं घेतलं, करवत गुंडाळली. मी सगळं समोर मांडलं होतं. ताउवू निघताना काहीतरी नेणारच, नाही तर बरं दिसत नाही. चांगली चटई ठेवली, खोबरेल तेलाची बाटली, वाळवलेली मासळी. म्हटलं, "उचल, चोरा."

त्यानं सगळीकडं पाहिलं. काही उचललं नाही.

"का? आवडलं नाही?"

"आवडलंय," म्हणाला. "पण जे आवडलंय ते ताउवू म्हणून उचलून नेता येत नाही. ते मागावं लागतं, नीट, रीतीनं."

"मग माग ना!"

तेवढ्यात बोटीनं भोंगा दिला. त्यानं टोपी सावरली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि कॅप्टननं दुसरा भोंगा दिला. मला इतका राग आला की त्याच्या डोक्यावरची टोपी मीच ओढून घेतली. ताउवूचा हक्क आहे माझाही. तो शिडीवरून वर चढला, बोडका, हसत.

१६ जुलै.

सगळी वखार पुन्हा पाहिली. काय आवडलं असेल त्याला? चटई नाही, तेल नाही. बहुतेक वजनकाटा. जुनं लोखंड आहे, लोकांना आवड असते. पण तो काकांना हवाय. किंवा पितळी मूठ? ती तर त्यानंच ठेवली.

सेरुवायाला विचारलं. ती भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवून हसत सुटली. म्हणाली, "ताई, सभेला आलेले वाईतोआचे लोक गावात विचारत होते म्हणे, देवमाशाचा चांगला दात कुणाकडं आहे का."

"वजनकाट्यासाठी कुणी देवमाशाचा दात आणतं का? तो तर लग्नकार्याला, मोठ्या मागणीला लागतो."

तिनं तोंडावर हात धरला. वेडी आहे. सोयऱ्यात कुणाचं तरी लग्न असेल त्यांच्याकडं.

टोपीला भोक होतं, शिवलं. तशीच कशी परत करणार?

१७ जुलै, गुरुवार.

झोप लागत नाही नीट. टांगून ठेवलेलं मला चालत नाही. हवंय तर हवंय म्हण, नको तर नको म्हण. आणि आज सकाळी पाऊस नसताना, बोटीचा दिवस नसताना, मी चहा केला आणि दोन कप भरले. दोन! वखारीत मी एकटी. एक कप हातात घेऊन बाजूच्या दारात उभी राहिले, त्याच्या उंबऱ्यावर. आता मीही तिथूनच जाते येते. त्या उंबऱ्यावरून बोट खूप लांबून दिसते, डोंगराच्या नाकापाशीच. त्यानं तसाच कापलाय का काय, देव जाणे.

मग टोपी डोक्यावर घातली आणि पोस्टात गेले. त्यांच्या गावात टेलिफोन नाही, तेव्हा रेडिओवरच निरोप द्यायचा, संध्याकाळचे निरोप वाचतात त्यात. सगळी बेटं ऐकतात, ऐकोत. पोस्टातल्या मुलीनं लिहून घेतलं, मग माझ्याकडं पाहिलं, मग टोपीकडं.

"मावशी, हे असंच वाचायचं? सगळ्यांसमोर?"

"असंच. एक शब्द इकडं तिकडं नको."

तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. बाहेर बाकावर बसलेल्या दोन बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. मी म्हटलं, काय झालं? दोघी रस्त्याकडं बघायला लागल्या.

मला त्यांच्याशी काय करायचंय. निरोप हा:

"वाईतोआचा आपेनिसा याला. तू काही न नेता गेलास, हे बरं केलं नाहीस. जे मागायचंय ते लोकांकडून कानावर येऊ देऊ नकोस. रीतीनं मागायचं असेल तर रीतीनं ये, दात आण, माणसं आण, पण तोंड स्वतःचं उघड. टोपी माझ्याकडं आहे. शनिवारी बोट येते. त्या बोटीत तू असशील की नाही ते शुक्रवारच्या निरोपात सांग, मला मासळी किती घ्यायची ते कळायला हवं. उनाइसी, नाकोरो, राहणार वखार."